वाजवून घ्या!

आमच्या घरी दर फाल्गुनात एक माठ येतो. येतो म्हणजे आपल्या पायांनी येत नाही. त्याला आणायला मी आणि सौ. असे दोघे कुंभारवाड्यात जातो, आणि उपवर मुलीच्या बापानं स्थळं पाहावीत तशा चिकाटीनं माठ पाहतो. पहिला माठ सौ. हातात घेते, मधल्या बोटाचं पेर मुडपून त्यावर टक्‌टक्‌ करते, कान लावते आणि "बद्द वाजतोय" म्हणून परत ठेवते. दुसरा खणखणीत वाजतो, पण त्याचं बूड डगमगतं. तिसऱ्याच्या गळ्याशी केसाएवढी रेघ असते. चौथ्यात पाणी भरून तो दहा मिनिटं उन्हात ठेवला जातो आणि तोवर मी कुंभाराशी यंदाच्या उन्हाळ्याबद्दल बोलत राहतो. अकरावा माठ पसंत पडतो. मग किमतीची बोलणी. शेवटी अडीचशेचा माठ दोनशे तीसला घेऊन, आपण पुण्यात राहायला लायक आहोत हे पुन्हा एकदा सिद्ध करून, आम्ही रिक्षानं घरी येतो. रिक्षाचे ऐंशी रुपये होतात, पण तो हिशेब वेगळा.

हे आमचंच आहे असं नाही. तुम्हीसुद्धा कलिंगड थापटून घेता, मेथीची जुडी उलटी करून बघता, आंब्याच्या पेटीतला वरचा थर उचलून खालच्या थरात हात घालता. साडीचा पदर उजेडात धरून बघितल्याशिवाय तुमच्या घरात साडी येत नाही. मराठी मध्यमवर्गीय माणूस पारखून न घेता फक्त दोनच गोष्टी घरात आणतो. एक जावई, कारण तिथं मुलीनं आधीच पारखून झालेलं असतं. आणि दुसरा एसी.

चाळीस-पंचेचाळीस हजारांचं यंत्र आपण घेतो. दोन पोरं येतात, भिंतीला भोक पाडतात, पाऊण तासात यंत्र टांगतात, बटण दाबतात आणि विचारतात, "काका, गार हवा येतेय ना?" आपण हात वर करून बघतो. हवा गार असते. आपण कृतार्थ होतो, चहा देतो आणि ते पुढं करतील त्या कागदावर सही करतो. अडीचशेच्या माठाला चाळीस टिचक्या आणि चाळीस हजारांच्या यंत्राला एकसुद्धा नाही! माझं भांडण आहे ते या सहीशी. आणि वाचकहो, ते मी तुमच्याशीच उकरून काढणार आहे, कारण कंपनीशी भांडायचं म्हटलं तर आधी एक दाबा, मग दोन दाबा, आणि मग सगळे प्रतिनिधी व्यस्त असतात.

तुम्ही म्हणाल, गार हवा आली म्हणजे झालं की! नाही हो, तिथंच तर सगळे फसतात. नव्या यंत्रातून पहिल्या दिवशी गार हवा येणं ही परीक्षाच नव्हे. बोहल्यावर नवरदेव हसतोय एवढ्यावरून संसार सुखाचा होईल असं कोणी म्हणतं का?

शिवाय एसी हे कारखान्यात तयार होणारं यंत्र आहे, हाच मुळात आपला गैरसमज आहे. फ्रिज कारखान्यात पुरा होतो. त्याच्या नळ्या तिथंच जोडलेल्या आणि गॅस तिथंच बंद केलेला असतो. आपण घरी आणून फक्त प्लग लावायचा. स्प्लिट एसीची मात्र कारखान्यातून दोन खोकी येतात, एक आत टांगायचं आणि एक बाहेर. त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्या, त्या नळ्यांची तोंडं फुलवून आवळलेले नट, पाणी बाहेर नेणारी नळी, विजेची तार, भिंतीवरचं ब्रॅकेट हे सगळं तुमच्या घरात, तुमच्या स्टुलावर उभं राहून तयार होतं. म्हणजे अर्धा कारखाना तुमच्या हॉलमध्ये भरलेला असतो आणि त्या वेळी तुम्ही स्वयंपाकघरात बिस्किटं शोधत असता.

हे शहाणपण मला कसं आलं, तेही सांगतो. फुकट आलं नाही.

पुण्याला पंखासुद्धा लागत नाही, हे वाक्य ऐकत मी लहानाचा मोठा झालो. आमच्या अण्णांनी ते पंख्याखाली बसून अनेकदा उच्चारलेलं आहे. २०२२च्या एप्रिलमध्ये मात्र पंखा फिरवून फिरवून आम्हांला आमचीच गरम हवा परत देऊ लागला आणि मी एसीचा विषय काढला. त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या घरात दुसरं काही बोललं गेलं नाही. किती तारे? इन्व्हर्टर की साधा? एक टन की दीड? आईला 'दीड टन' ऐकून घाम फुटला. "अरे, भिंत पेलेल का? जुनी इमारत आहे." तिला मेव्हण्यानं समजावलं. आमचा मेव्हणा बँकेतून निवृत्त झाल्यापासून सर्व शास्त्रांत पारंगत आहे. पण या वेळी तो चक्क बरोबर होता. हा टन वजनाचा नव्हे, बर्फाचा. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढायची ताकद म्हणजे एक टन. आई म्हणाली, "मग बर्फच आणा की." तिचं अगदीच चुकलं असं नाही, पण रोज तेराशे किलो बर्फ तिसऱ्या मजल्यावर चढवायचा कोणी?

अशी तीन आठवडे काथ्याकूट करून घेतलेलं ते यंत्र बसवायला दोन पोरं आली ती रात्री आठ वाजता. सकाळपासून "निघालेत, निघालेत" चाललं होतं. आम्ही त्यांची इतकी वाट बघितली होती, की ती आली हेच उपकार वाटले. त्यांनी यंत्र टांगलं ते अण्णांच्या पुस्तकांच्या कपाटाच्या वर, कारण तिथून नळी जवळ पडत होती. सोबत आलेली नळी तीन मीटरची. पुढच्या प्रत्येक मीटरला वेगळे पैसे. मी पुणेकर. मी म्हटलं, कपाटावरच बसवा. चाळीस मिनिटांत काम झालं. गार हवा आली. कागदावर 'सर्व चाचण्या ग्राहकासमक्ष करून दाखविल्या' असं छापलेलं होतं आणि खाली माझ्या सहीची जागा. मी सही केली. सुंदर सही आहे माझी. बँकेत तिचं कौतुक व्हायचं.

एप्रिल गेला, मे गेला, यंत्र गुणी बाळासारखं वागलं. जून उजाडला, हवा दमट झाली आणि एका सकाळी कपाटाच्या पाठीमागून ओघळ आलेला दिसला. पुण्यात एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते, की यंत्राला तिच्यातून गाळायला पाणीच फारसं मिळत नाही. जूनमध्ये तेच यंत्र तासाला लिटरभर पाणीसुद्धा सहज गाळतं. ते वाहून न्यायची नळी त्या पोरांनी घाईत मध्येच वर उचलून मग खाली सोडली होती. पाण्याला उतार लागतो, चढ चालत नाही, हे चौथीच्या पुस्तकातलं ज्ञान आहे. पाणी परत फिरलं आणि यंत्रातून भिंतीवर, भिंतीवरून कपाटात गेलं.

कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर अण्णांच्या जमाखर्चाच्या वह्या होत्या. १९६१ पासूनच्या. रोज रात्री जेवण झाल्यावर ते दौत काढून बसायचे आणि दिवसाचा खर्च मांडायचे. त्या वह्यांत आमची शाळेची फी होती, आईच्या बाळंतपणाचा खर्च होता, पाहुणे आले म्हणून भुश्यातला बर्फ आणल्याची नोंद होती. शाई दौतीतली, पाण्यात विरघळणारी. सात वह्यांची पानं निळी झाली. नुसती निळी. आईनं त्या गच्चीत वाळत घातल्या आणि काही बोलली नाही. मला तिनं दोन शब्द बोलायला हवे होते.

तक्रार केली तेव्हा कोणीतरी येऊन गेलं. "काका, पाणी येणारच. हवेतलंच आहे ते." हे अगदी शास्त्रशुद्ध उत्तर होतं. त्यावर काय बोलणार? शिवाय कागदावर माझी सही होतीच.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच यंत्रातून गार हवा येईनाशी झाली. आता दुसरे गृहस्थ आले, त्यांनी यंत्राकडे न बघताच "गॅस संपलाय" असं निदान केलं आणि अडीच-तीन हजारांचा आकडा सांगितला. मीही मान डोलावली. आपल्याकडे एसीचा गॅस संपतो हे सगळ्यांना मान्यच आहे. स्वयंपाकाचा संपतो, तसा हाही संपतो. पण वाचकहो, स्वयंपाकाचा गॅस जळतो म्हणून संपतो. एसीचा गॅस जळत नाही. तो बंद नळ्यांतून नुसता गोल गोल फिरतो, आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. तो कमी झाला याचा अर्थ एकच, कुठंतरी गळतंय. १९८९ साली आमच्या आईनं घेतलेल्या फ्रिजमध्ये बावीस वर्षांत कोणी एक फुंकरसुद्धा घातली नाही. मग हाच गॅस दर वर्षी कुठं जातो? पंढरपूरला?

त्या रात्री मी वाचायला बसलो. तसा मला वाचनाचा नाद आहेच, पण या वेळी राग होता. आणि पहिलीच गोष्ट वाचली ती ही, की हे यंत्र माणसासाठी जन्माला आलेलंच नाही. १९०२ साली अमेरिकेत, ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगायचा, आकसायचा आणि एकावर एक छापलेले रंग सरकायचे. ती हवा ताब्यात ठेवण्यासाठी विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनियरनं हे यंत्र आखलं. कागद सुखात राहावा म्हणून! आणि आमच्याकडे त्याच यंत्रानं अण्णांच्या कागदांची ही अवस्था केली.

मग २०२४च्या एप्रिलमध्ये आईच्या खोलीत एसी बसवायचं ठरलं. आईला तेव्हा त्र्याऐंशी पूर्ण झाली होती, दुपारी तिला धाप लागायची आणि डॉक्टरांनी खोली गार ठेवायला सांगितलं होतं. या वेळी मी वहीत पाच कलमं लिहून तयार होतो. सौ. म्हणाली, "अहो, त्या पोरांना फार पिडू नका हं. बिचारी उन्हातून येतात." मी म्हटलं, "तू माठवाल्याला पिडत नाहीस?" त्यावर ती स्वयंपाकघरात गेली. संसारात इतक्या वर्षांनी मिळालेला हा पहिलाच निर्णायक विजय असल्यामुळे तो मी इथं नोंदवून ठेवतो.

ती पाच कलमं तुम्हांलाही सांगतो. पाचांना मिळून लागणारं साहित्य असं : एक तांब्या, थोडा साबणाचा फेस, भिंतीवरचं थर्मामीटर, घड्याळ आणि तोंड. तोंड सगळ्यांत महत्त्वाचं. ते उघडावं लागतं.

कलम पहिलं, वीज. दीड टनाच्या एसीला मोठा, सोळा अँपिअरचा प्लग हवा, त्याची तार मीटरपाशी स्वतःच्या वेगळ्या खटक्यापर्यंत गेलेली हवी, आणि अर्थिंग खरोखरीचं हवं. मेव्हण्यानं सुचवलेली एक्स्टेन्शनची दोरी नको.

कलम दुसरं, तांब्या. आतलं यंत्र टांगून पाण्याची नळी जोडली, की यंत्राच्या पुढच्या जाळीमागच्या पन्हाळीत मेकॅनिकला तांब्याभर पाणी हळूहळू ओतायला सांगायचं आणि आपण खिडकीतून बघायचं. सगळं पाणी बाहेर पडलं तर नळीला उतार आहे. भिंतीवर ओघळ आला तर नाही. एप्रिलमध्ये जून आणायची एवढी एकच युक्ती मला माहीत आहे.

कलम तिसरं, पंप. नळ्या जोडल्या की त्यांच्यात साधी हवा आणि तिच्याबरोबर ओल असते. ती बाहेर काढल्याशिवाय गॅस सोडायचा नाही. त्यासाठी व्हॅक्यूम पंप लावून पंधरा-वीस मिनिटं तरी हवा खेचायची, मग पंप बंद करून घड्याळाचा काटा हलतो का ते बघत थांबायचं. काटा परत फिरला तर कुठंतरी फट आहे. घाईचा रस्ता असा की गॅसचाच एक फुसका सोडायचा आणि त्याच्या धक्क्यानं हवा बाहेर ढकलायची. चार सेकंदांत काम होतं. पण आत राहिलेली ओल तेलात मिसळून कॉम्प्रेसरला आतून खात राहते. आणि हल्लीच्या बहुतेक घरगुती यंत्रांत असतो तो आर-३२ वायू थोडासा पेट घेणारा आहे, शिवाय पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कित्येकशे पट तिखट. तो आईच्या खिडकीत का म्हणून सोडायचा?

कलम चौथं, फेस. गॅस सोडल्यावर प्रत्येक नटाला भांड्यांच्या साबणाचा फेस लावायचा आणि बघायचं. फुगा आला तर गळतंय.

कलम पाचवं, थर्मामीटर. यंत्र पंधरा मिनिटं चाललं, की ते आत ओढतं ती हवा आणि बाहेर सोडतं ती हवा, दोन्ही मोजायच्या. मधे साधारण दहा अंशांच्या आसपास फरक असावा. हात वर करून 'गार वाटतंय' म्हणणं ही मोजणी नव्हे. आमचा मेव्हणा माठातलं पाणी पिऊनसुद्धा 'गार वाटतंय' म्हणतो.

ही वही हातात घेऊन मी दारात उभा राहिलो. एक तिशीतला मेकॅनिक आला आणि त्याच्याबरोबर विशीसुद्धा न ओलांडलेला हेल्पर. वीज बघून झाली. आतलं यंत्र टांगून झालं. मी तांब्या पुढं केला. मेकॅनिकला वाटलं प्यायचं पाणी. त्यानं अर्धा तांब्या पिऊन टाकला. उरलेलं ओतलं तर थेट आईच्या उशीवर आलं. तो चपापला, नळी सोडवली, भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूनं थोडं खाली घेतलं आणि पुन्हा ओतलं, तेव्हा पाणी निमूट बाहेर गेलं. मी वहीत बरोबरची खूण केली. मग विचारलं, "पंप आणलाय ना?"

"आणलाय की काका. गाडीत आहे."

"आणि गाडी?"

"गाडी वारज्याला आहे. दुसऱ्या साइटवर."

मी सात्त्विक संतापानं भाषणाला सुरुवात करणार, इतक्यात पलंगाच्या टोकाला खुर्चीत बसलेली आई म्हणाली, "अरे, ते पोर बघ."

हेल्पर खिडकीतून बाहेर गेला होता. बाहेरचं खोकं बसवायला ब्रॅकेट ठोकायचं होतं. तिसरा मजला. खिडकीखाली फूटभर रुंदीचा छज्जा, त्यावर कबुतरांची कृपा. एका हातात ड्रिल, दुसऱ्या हातानं आमच्या ग्रिलची गंजकी सळई धरलेली. ही सळई दिवाळीत रंगवायची म्हणून तीन दिवाळ्या राहिलेली, हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. कमरेला पट्टा नाही, दोर नाही. पायांत रबरी चपला. आणि मी, पाच कलमं लिहिणारा जागरूक ग्राहक, त्याच्या अंगावरून पलीकडं वाकून ब्रॅकेटला चार बोल्ट मारतोय की तीन, ते मोजत होतो.

आई म्हणाली, "त्याला आधी आत घे. खोली गार नाही झाली तरी चालेल."

त्याला आत घेतलं. मी मेकॅनिकला म्हटलं, "पट्टा नाही का तुमच्याकडे?"

"आहे ना काका. गाडीत आहे."

म्हणजे पंप आणि पट्टा दोघेही वारज्याला सुखरूप होते. मी बोलायला सुरुवात केली आणि पहिल्यांदाच तो माणूस जरा चिडून बोलला. "काका, सीझनला दिवसाला सात-आठ मशीन लावायची असतात. मशीनमागे पैसे मिळतात आम्हांला, तासामागे नाही. पंप लावला की अर्धा तास गेला. पट्टा बांधायचा, सोडायचा, त्यात वीस मिनिटं. तुमच्यासारखे सगळे 'आजच्या आज पाहिजे' म्हणतात. आणि बसवायचे पैसे म्हटलं की म्हणतात, फुकट आहे ना?"

यावर माझ्या वहीत कलम नव्हतं. कारण 'आजच्या आज पाहिजे' हे मीच दुकानात तीनदा सांगितलेलं होतं. आणि तीन दुकानांतून हेच दुकान निवडलं होतं ते 'बसवून देणे मोफत' या पाटीकडं बघून.

माझं खरं म्हणणं इथून सुरू होतं. फुकट काही बसत नसतं. फुकट बसवण्याचे पैसे आपण देत नाही, तेव्हा ते दुसरं कोणीतरी देतं. नळीचा उतार देतो, न लावलेला पंप देतो, अण्णांच्या वह्या देतात, आणि ज्या दिवशी सळई निसटते त्या दिवशी ते विशीतलं पोर देतं. ही घाई कंपनीनं निर्माण केली असेल, दुकानानं वाढवली असेल, पण तिचं गिऱ्हाईक आपण आहोत. तेव्हा यंत्र घेताना दोन हजारांची सूट मागण्याऐवजी विचारा, बसवायला किती वेळ देणार? पंप आणि पट्टा त्याच माणसाबरोबर येणार का? त्याचे वेगळे पैसे पडत असतील तर द्या. रिक्षाचे ऐंशी देताना आपण कुठं कुरकुरतो?

मी त्या मेकॅनिकला म्हटलं, "तुमचं एक मशीन बुडेल त्याचे पैसे मी देतो. गाडी येऊ दे." गाडी दोन तासांनी आली. तोवर दोघेही आमच्याकडे पिठलं-भात जेवले. मग पोराला पट्टा बांधला, दोर ग्रिलला नाही तर खोलीतून दारापलीकडच्या खांबाला बांधला, पंप लावला, काटा बघितला. चौथ्या कलमाला साबणाचा फेस लावला आणि बाहेरच्या एका नटावर मुगाएवढा फुगा आला! मेकॅनिकच तो बघून माझ्यापेक्षा जास्त खूश झाला. "काका, हा पुढच्या वर्षी मला शिव्या देणार होता," म्हणाला. नट सोडवून नळीचं तोंड पुन्हा फुलवलं, पंप परत लावला, आणि या खेपेला फुगा नाही. खोलीतली हवा तेहेतीस, यंत्रातून येणारी एकवीस. पाचही कलमं पास.

माझ्या या मोहिमेविरुद्ध नातेवाइकांत दोन आक्षेप आहेत. पहिला, "आपल्याला त्यातलं काय कळतं?" माठातलं तरी काय कळतं? मातीत काय मिसळलंय, भट्टी किती तापली होती, तुम्ही विचारता का? आवाज कळतो, तेवढा पुरतो. फुगाही तेवढाच कळतो. दुसरा आक्षेप, "असं मागं उभं राहणं बरं दिसत नाही." हा खास आपला आक्षेप. मेथीवाल्या मावशीसमोर आपण जुडी उलटीपालटी करतो तेव्हा बरं दिसतं, कारण ती गरीब आहे. यंत्रासमोर आपण गरीब होतो. चहा द्या, अवश्य द्या. पण चहा आधी आणि सही शेवटी. उलट झालं की गेलं.

चालवण्याबद्दल थोडंच सांगतो, कारण तिथं दोष यंत्राचा नसून मेव्हण्याचा असतो. तो आला की रिमोट घेऊन सोळा करतो आणि मग शाल मागतो. सोळा केल्यानं खोली लवकर गार होते ही त्याची श्रद्धा आहे. होत नाही. यंत्राला थांबायचं कुठं ते कळत नाही, इतकंच. एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. जानेवारी २०२० पासून ताऱ्यांचं लेबल असलेला घरगुती एसी सुरू होतानाच चोवीसवर सुरू व्हावा असा नियमही झाला आहे. आई सत्तावीसवर ठेवते, वर पंखा हळू, आणि तिला झोप लागते. पंधरवड्याला जाळी काढून नळाखाली धुवायची, एवढी मात्र सेवा करावी. धूळ बसली की यंत्रालाही धाप लागते.

त्या दिवशी काम संपलं तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. हेल्परनं स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी घेतलं आणि सवयीनं माठाच्या पोटाला बोट लावून बघितलं. "काका, हा पण गळतोय," म्हणाला. आई हसली. "बाळा, तो गळायलाच हवा. पाझरला नाही तर गार कसा होईल?" त्याला ते पटलं. कुंभाराचं दुकान वेगळं, यांचं वेगळं.

मग मेकॅनिकनं कागद पुढं केला. 'सर्व चाचण्या ग्राहकासमक्ष करून दाखविल्या.' या वेळी ते खरं होतं. मी चष्मा लावून सगळा कागद वाचला. यंत्राचा नंबर होता, नळीची लांबी होती, विजेचा दाब होता. सगळ्यांत खाली 'शेरा' म्हणून अर्धी ओळ रिकामी होती. मी तिथं लिहिलं : 'बाहेर काम करणारा मुलगा पट्टा बांधून गेला व सुखरूप आत आला.' आणि खाली सही केली.

मेकॅनिक वाचून म्हणाला, "काका, हे कशाला लिहिलं? ऑफिसात विचारतील."

मी म्हटलं, "विचारू देत."